डाव्या हाताची खोकी

सूनबाईने कागद पुढे ठेवला. "आई, इथे सही करा. वाचत बसू नका, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे."

दोन वर्षं ती शिकत होती. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि धोरण या विषयातली पदव्युत्तर पदवी. दिवसभर मालवाहतुकीच्या कचेरीत नोकरी, संध्याकाळी वर्ग, सुट्टीला प्रबंध. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आता तिच्या चेहऱ्याचाच भाग झाली होती. भाजी चिरताना उभ्या उभ्या डुलकी घ्यायची. मुलगा म्हणायचा, "हिची पदवी होईपर्यंत घर आपण दोघं चालवू." म्हणायचा दोघं, चालवायचे मी.

प्रबंध तिने हातमोज्यांच्या कारखान्यावर घेतला होता. तिथे मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस माल भरायच्या टेबलावर. दहा जुन्या कामगारांशी ती बोलली, दहावी मी. आमच्या बोलण्यावरून तिने जे लिहिलं, ते वाचून 'हे खरं आहे' अशी प्रत्येकाची सही हवी होती. उद्या, शुक्रवारी, पाचच्या आत सगळं विद्यापीठाला पाठवायचं. मुदत दोनदा वाढवून घेतलेली. आता चुकलं तर आणखी सहा महिने.

"वाचते," मी म्हटलं.

"आई, दोन पानं आहेत."

"दोनच ना?"

अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. तोवर पगाराच्या कागदापासून मुलाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे अंगठा. कशाकशावर उठवला, देव जाणे. म्हणून आता कागद हातात आला की बोट ठेवून शेवटपर्यंत जाते.

दुसऱ्या पानावर बोट थांबलं. लिहिलं होतं की, वाटेतली चोरी टाळण्यासाठी व्यवस्थापकांनी दूरदृष्टीने डावे आणि उजवे हातमोजे वेगवेगळ्या जहाजांनी पाठवण्याचं धोरण आखलं.

"हे कुणी सांगितलं?"

"मोठ्या साहेबांनी. माझं अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभं आहे."

मी चष्मा काढून पुसला. गप्प बसले असते तर तिची पदवी कुठे जात नव्हती. अंगठ्याचे दिवस असते तर उठवला असता आणि चहा टाकायला गेले असते.

"सूनबाई, ते धोरण नव्हतं. ती माझी चूक होती."

तिला आधी थट्टाच वाटली. मग मी सांगितलं. परदेशातून पहिलीच मोठी मागणी आलेली. भिंतीवर चिठ्ठी लावली होती, 'जोड बांधून भरा'. मला वाचता येत नव्हतं, आणि विचारायची लाज. शिलाईकडून डावे एका टोपलीत यायचे, उजवे दुसऱ्या. तसेच मी भरले. चार खोकी डाव्यांची, चार उजव्यांची. डावी पहिल्या जहाजात चढली. जागा संपली म्हणून उजवी आठवड्याने दुसऱ्यात गेली. तिकडच्या बंदरात चोरांनी डावी खोकी फोडली, नुसता एका हाताचा माल बघितला आणि तिथेच टाकून पळाले. गिऱ्हाइकाचं पत्र आलं, काय डोकं लावलंत! साहेबांनी ते चौकटीत लावलं आणि पुढे तोच नियम झाला.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"आमच्या टेबलाच्या मुकादमबाईने दम दिला होता. तोंड उघडलंस तर आधी तू जाशील, मागोमाग मी."

"आई, सहा महिने घासतेय मी ह्याच्यावर. आधी का नाही बोललात?"

"मला तू पगार, सुट्ट्या आणि टेबलाची उंची विचारलीस. हे साहेबांना विचारलंस."

ती डोकं धरून बसली. मग म्हणाली, "तुमच्या एकटीच्या शब्दावर आमच्या प्रबंधाच्या बाई मानणार नाहीत. आणखी कुणाला माहीत आहे?"

मी मुकादमबाईला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळ्या जगाशी ओरडूनच बोलते.

"ती डाव्या हाताची खोकी आठवतात का हो?"

"न आठवायला काय झालं? तुझ्यापायी केस पिकले माझे, भवाने! साहेबाला बढती आणि मला रक्तदाब. सगळं खातं जाणत होतं. कोण विचारतंय?"

"माझी सून. पदवीसाठी."

"ह्याच्यावर पदवी मिळते? मग मला दोन द्या म्हणावं."

सूनबाई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवला असता तर ती तिथेच आडवी झाली असती.

"आहे तसं पाठवलं तर मी पास होते," ती म्हणाली.

"होशील."

"तुम्ही सही कराल?"

"नाही गं."

तिला माझा राग आला होता, आणि तो काढायचंही त्राण नव्हतं. मग तिने नाक पुसलं, संगणक उघडला. "सांगा परत. पहिल्यापासून, सावकाश."

शुक्रवारी तिने रजा घेतली. मुलगा सकाळीच जाऊन मुकादमबाईची सही घेऊन आला. चौथं प्रकरण बरंच बारीक झालं होतं. साडेचारला माझा कागद आला. मी बोट ठेवलं.

"इथे तीन खोकी लिहिलंयस. चार होती."

"आई, आता नको ना. काय फरक पडतो?"

"एका खोक्याचा."

तिने दुरुस्त केलं, पान पुन्हा छापून माझ्यापुढे ठेवलं आणि संगणकाशेजारच्या वहीवर डोकं टेकलं.

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. मग सही केली. ती मला अजून पटकन जमत नाही, मधल्या अक्षराशी हात अडतो. झाली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. सूनबाईचं तोंड किंचित उघडं होतं, गालावर वहीच्या तारेची खूण उठली होती. दोन वर्षांत तिला इतकं गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. उठवायचं जिवावर आलं.

खांद्याला धरून हलवलं. "ऊठ गं. सही झाली."