केकाटणारी टिकली

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी कुत्री आहे. जुनी म्हटलं, मोडकी नव्हे! दात चारच उरलेत, पण पावस गावच्या वरच्या वाड्यांत अजून विचारा, टिकली कोण म्हणून.

माझा जन्म केरूआप्पांच्या गोठ्यात झाला. आप्पा गावचे जाणते शिकारी. मुलगा आगबोटीने मुंबईला गिरणीत गेलेला. घरी आप्पा आणि सून राही. रानडुकरांनी शेतात धुडगूस घातला की सारं गाव आप्पांच्या दारी यायचं. डुकरांवर सोडायची कुत्री आप्पाच निपजवायचे, आप्पाच निवडायचे. पिल्लू महिन्याचं झालं की मानगूट धरून वर उचलायचं. गप्प राहिलं ते धाडसी, ते ठेवायचं. केकाटलं ते भित्रं, ते देऊन टाकायचं.

माझा भाऊ भुऱ्या हूं की चूं न करता लोंबकळला. मी मात्र असं केकाटले की बसलेली गाय उठून उभी राहिली!

"ही भोकाडी नको," आप्पा म्हणाले.

"मामंजी, राहू दे की. मांगरावर राखण करील," राही म्हणाली.

शेतातल्या त्या मांगरावरच, एवढ्याशा झोपडीत, मी वाढले. भुऱ्याला सुकट-भात, मला उरलेली पेज. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी भात पिकायला आलं आणि एक दांडगा डुक्कर राहीच्या शेतात शिरू लागला. रोज भाताचा एक कुणगा, अख्खा वाफा, आडवा. घरचं वर्षाचं अन्न ते! एका सकाळी आप्पांनी भुऱ्याला सोडलं. तो करवंदीच्या जाळीत घुसला, डुकराला भिडला. पण तोंडातून आवाज नाही. आप्पा बंदूक घेऊन बाहेर कानोसा घेत उभे. जावं कुठे तेच कळेना. ते पोचले तेव्हा भुऱ्याचं पोट सुळ्याने फाटलं होतं आणि डुक्कर निसटला होता.

तो आला थेट माझ्या मांगराकडे. मी काही त्याच्या तोंडाशी गेले नाही. मागून पाय धरायचा, सोडायचा आणि बोंब ठोकायची! चिऱ्याच्या खाणीशी त्याला असा अडवला की आवाजाच्या रोखाने आप्पा धावत आले. एकच बार. भात वाचलं.

आप्पा भुऱ्याजवळ बसून रडले. "राही, त्याचा दोष नाय गो. मीच मुका निवडला."

पुढे मला चार पिल्लं झाली. आता आप्पांनी उलटाच नेम धरला, केकाटतील ती ठेवायची. तिघं केकाटली. चौथी लेक गप्प. आप्पांनी तिला देऊन टाकायला बाजूला काढली. मी तिला तोंडात धरून परत त्यांच्या पायाशी आणली. त्यांनी पुन्हा काढली, मी पुन्हा आणली. तीनदा!

राही हसली. "मामंजी, एकदा चुकलात ना? आता टिकलीचं ऐका."

आप्पांनी पिल्लू मांडीवर घेतलं. "बरं बाय. वर्षभर बघू."

ती मुकी लेक आज डुकराचा माग अचूक काढते आणि तिची भावंडं मागून गाव गोळा करतात. मित्रांनो, जीव पाळायचा तर त्याला दिवस द्या. एका उचलण्यात कुणाची पारख होत नाही.

गेल्या थंडीत कुणीसं म्हणालं, "म्हातारी झाली, सोडा आता रानात." आप्पा म्हणाले, "हिच्या ओरडण्यावर माझं घर जेवलंय. आता हिनं चुलीपाशी गप्प निजावं."

गप्प? मी लगेच एकदा केकाटून दाखवलं.