हचिन्सच्या नावाचा हातमोजा

मी एका गोलकीपरच्या डाव्या हाताचा मोजा बोलतोय. कॅन्ससमधल्या एका बारमध्ये काचेच्या पेटीत मला टांगलंय. माझ्यावर एक सही आहे, आणि ती धादांत खोटी आहे.

माझा मालक एलिस कुचेरा, ओहायोचा. त्याला कुठल्या क्लबनं घेतलं नव्हतं, थेट फुटबॉल लीगनंच ठेवला होता. कुठे गोलकीपर आजारी पडला की फोन यायचा, आणि एलिस विमानानं जाऊन त्या संघाच्या राखीव बाकावर बसायचा. तीन वर्षं, नऊ शहरं. ओला तळवा चेंडू घट्ट धरतो म्हणून तो मला दर सामन्याआधी भिजवायचा. मी बाकावरच वाळायचो. त्याचे वडील, जो, फोनवर विचारायचे, "आज तरी मैदानात उतरवलं का रे?" त्यांच्यासमोर एकदा खेळायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

कॅन्ससहून बोलावणं आलं, कारण तिथला दुसरा गोलकीपर हचिन्स तापानं झोपला होता. वाटेत एलिसची मोठी बॅग हरवली. मी हातातल्या पिशवीत होतो म्हणून वाचलो. संघाचे कपडे सांभाळणाऱ्या डब्सनं हचिन्सचाच शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

"घाल हा. तू थोडाच खेळणारेस."

पण सामन्याआधीच्या सरावात पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं, आणि एलिस उतरला. पोरगा निदान बाकावर तरी दिसेल म्हणून जो अकरा तास गाडी हाकून आले होते. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली समोरच्यांना. एलिस डावीकडे झेपावला आणि चेंडू माझ्या बोटांना लागून बाहेर गेला. भोंग्यावरच्या माणसानं शर्टवरचं नाव वाचलं आणि सगळं मैदान "हचिन्स, हचिन्स" करत नाचलं. एकटे जो "कुचेरा" म्हणून ओरडत होते. शेजारचा म्हणाला, "कोण कुचेरा? बसा हो काका."

सामना संपल्यावर बारवाला रँडी कठड्यावरून वाकला. "भावा, मोजा दे ना सही करून. बारमध्ये लावतो." एलिसनं पहिलं अक्षर काढलं, 'कु'.

"अरे, हे काय? हचिन्स लिही की नीट."

जो मागेच उभे होते. एलिसनं त्यांच्याकडे पाहिलं, ओशाळं हसला, 'कु' खोडला आणि हचिन्स लिहिलं. तीन वर्षं सांगतील तिथे बसायची सवय लागली होती त्याला. मी मात्र त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुन्हा त्याला कुणी उतरवलं नाही. वर्षभरात फोनही बंद झाले.

मागच्या वसंतात जो इथे आले. खूप थकलेत. बिअर मागवून माझ्याकडे बघत बसले. रँडीनं विचारलं, "काका, तुम्ही हचिन्सचे कोणी?"

"नाही, कोणी नाही," ते म्हणाले. अर्धी बिअर तशीच टाकून गेले.

खोडलेला 'कु' अजून दिसतो. पेटी पुसायला कधी उघडलीत, तर पुढची दोन अक्षरं तेवढी लिहा. जो परत येतील असं मला वाटत नाही, पण लिहा.