पीएलची तबकडी

अंजनाबाईची गाण्याची तबकडी म्हणजे त्या घरातला दुसरा देव. पन्नास वर्षांमागं मुंबईच्या सुरधारा कंपनीनं तिला बोलावून तिच्याकडून गाणं गाऊन घेतलं होतं. तेव्हापासून साताऱ्याकडच्या त्या गावात बारसं असो की बक्षीससमारंभ, पहिली खुर्ची अंजनाबाईची. थोरली जाऊ लीलाबाई वयानं मोठी, उसाच्या मळ्याची कारभारीण, तोंडाची तिखट. पण तिची खुर्ची दुसरी. ते दुसरेपण तिला जन्मभर सलत आलं.

यंदा तर जत्रेत अंजनाबाईचा सत्कार ठरला. त्याच आठवड्यात लीलाबाईच्या लेकीचा लेक यशराज आला. सांगलीजवळ माधवनगरला त्याचं जुन्या तबकड्यांचं दुकान. हल्ली शहरातली पोरं असल्या जिनसांवर उड्या टाकतात. त्यानं अंजनाबाईची तबकडी उजेडात धरली, मधल्या गोल कागदावरची अक्षरं वाचली आणि गप्प झाला.

"तोंडात गूळ धरलायस व्हय रं?" लीलाबाईनं विचारलं.

"आज्जी, आकड्याच्या आधी पीएल हाय."

"मग?"

"सुरधारानं सवताचा गाणारा निवडून मोठी तबकडी काढली की आकड्याआधी एसएल लावायचे. पीएल म्हंजे गिऱ्हाइकानं पदरचं घालून काढून घेतलेली. कंपनीनं फकस्त करून दिली. कंपनीच्या दुकानात बी ती इकायला नसायची."

लीलाबाईला अक्षरओळख जेमतेम, पण कानातला बिल्ला बघून म्हैस कुणाची ते सांगणारी बाई ती. तिला लगेच उमगलं.

"म्हंजे हंबीरभावजींनी काढली."

हंबीरराव अंजनाबाईचा नवरा, पलटणीतला सुभेदार. वारून बरीच वर्षं झाली. कंपनीचं बोलावणं आलंय, असं सुट्टीवर येऊन त्यानंच सांगितलं होतं.

"कुणाला बोलू नगा आज्जी. म्हातारीला तेवढंच हाय."

"आन मला काय हुतं रं?"

सत्काराला देवळापुढचा मांडव गच्च भरला. सरपंच शालीची घडी मोडून उभे. तेवढ्यात लीलाबाईनं माईक मागितला. थोरली जाऊ कौतुकाचं बोलणार म्हणून लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

तिनं यशराजला उठवलं. "त्या अक्षरांचा अर्थ सांग."

तो ओठातल्या ओठात पुटपुटला.

"मोठ्यानं. मागच्यांना आयकू जाऊ दे."

त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"आयकलंत?" लीलाबाई म्हणाली. "कंपनी कुटली आन काय कुटलं. माज्या दिरानं बायकूची हौस भागवली. आन आमी समदे हिला वाट सोडत हिंडलो."

शेजारची धोंडुबाई पचकली, "नवरा असावा तर असा बया. आमच्या धन्यानं जत्रंतली बांगडी न्हाई आणली कवा." बायका हळहळल्या, कुणी डोळ्याला पदर लावला. लीलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोयता चालवला आपण, आणि पीक दुसरीच्याच पदरात पडलं.

पण अंजनाबाईनं तो आधार घेतला नाही.

"गप ग धोंडे," ती सावकाश म्हणाली. "त्यांची माया घरात हुतीच, ती कशाला मिरवू? मला कंपनी पायजे हुती. मी लोकास्नी सांगत बसायची, आन हे शेजारी बसून हसत आयकायचे. मला वाटायचं, अभिमानानं हसत्यात."

सरपंचांच्या हातात शाल तशीच.

"आमच्या थोरल्या अक्कास्नी घाला," अंजनाबाईनं सांगितलं. "त्यांनी मिळवलीया."

नको म्हणता आलं असतं. लीलाबाईनं मान पुढं केली. शाल पडली, फोटो निघाले, आणि अंजनाबाई चपला न घालताच मांडवाबाहेर चालू लागली.

"आज्जी, जाऊन बघा की तिला," यशराज रडकुंडीला आला. "एकलीच गेलीया."

पंगतीत पानं मांडली होती. लीलाबाईनं शाल सावरली आणि मांडी घातली.

"बघू मागनं," ती म्हणाली. "आमटी गरम हाय तवर जेवू दे."