वर्षभराची शून्यं

तपासणीला दोन दिवस उरले आणि शहापूरच्या रविंद्र डॉक्टरांना प्रमिलाची आठवण झाली. जंतुसंसर्ग रोखण्याचं शिक्षण घेतलेली नर्स नसेल, तर त्यांच्या हॉस्पिटलची मान्यता जाणार होती. तशी नर्स त्यांच्याकडे एकच होती. तिला त्यांनीच आठ महिन्यांपूर्वी हाकललं होतं.

गुन्हा काय, तर तिची धाकटी बहीण वर्षा तिथेच बाळंत झाली, टाके सडले, शेवटी गर्भाशय काढावं लागलं. तेव्हा प्रमिलाने सगळ्यांदेखत विचारलं, "सर, हत्यारं निर्जंतुक केली होती का?"

डॉक्टर म्हणाले, "डोळखांबच्या पाड्यावरून घाण तुम्ही आणता, आणि नाव आमचं?"

आता तेच फोनवर गोड झाले. "मुरबाडची नोकरी सोड. दीडपट पगार देतो. आणि वर्षभराचं संसर्गाचं रजिस्टर कोरं आहे, तेवढं भरून टाक. दर महिन्याला शून्य."

"येते, सर." आवाज इतका मऊ निघाला की प्रमिलाला स्वतःचीच भीती वाटली.

आल्या आल्या तिने नेमणुकीचं पत्र सहीशिक्क्यासकट घेतलं आणि ड्रेसिंगच्या खोलीत जुन्या मदतनीस धोंडूबाईंशेजारी जाऊन बसली. चिघळलेली प्रत्येक जखम त्यांच्याच हाताखालून गेलेली.

"मावशी, कोणाकोणाचे टाके पिकले?"

"लिव गो. धसईची सोमी. खर्डीचा गोमा, तो तर महिनाभर येत होता. पण बाय, तुला पुन्ना काढतील ना!"

"काढू देत. लिहून झालं की काढू देत."

ड्रेसिंगच्या वहीशी तारखा ताडून एकोणीस नावं झाली. खाली तिने मागची नव्हे, त्याच दिवसाची तारीख घालून सही केली. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. शून्यं काय तपासायची?

तपासणीला आलेल्या बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि चष्मा काढला. "एकोणीस? आणि वर्षा नावाच्या या पेशंटपुढे संसर्गाचं कारण का नाही?"

"ते सरांना माहितेय." प्रमिलाने पेन पुढे केलं. "मला तोंडी सांगितलं होतं. लेखी द्यायचं राहिलं."

डॉक्टर लालबुंद झाले. "मी तुला परत कामावर घेतलं!"

"घेतलं ना, सर. तेच काम करतेय. लिवा. घाण कुठली होती, ते लिवा."

डॉक्टरांनी पेन घेतलं, पण टोक कागदाला लागेना. प्रमिला खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. तिला कसलीच घाई नव्हती.