टिपकी कोणापुढे बसते

रविवारी सकाळी आठला पुरावाबाईंच्या फाटकाशी सुरू झालेली रांग साडेआठपर्यंत कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला जाऊन भिडली. रांगेत खोकणारे होते, न खोकणारे होते, आणि ‘आम्ही आपले सहज बघायला आलोय’ म्हणत हळूच नंबर लावणारेही होते. अंगणात एक स्टूल होतं. त्यावर बसायचं आणि समोरच्या ठिपक्याठिपक्यांच्या कुत्रीसमोर, टिपकीसमोर, सावकाश तीनदा श्वास सोडायचा. कुत्री शेपूट हलवत निघून गेली तर सुटलात. तिथेच बसकण मारली तर कॅन्सर.

“पुढचा. अरे, श्वास सोड नुसता, फुंकतोस काय? चूल पेटवायचीय का?” रांग हाकत होती बाईंची थोरली बहीण. तिला सगळी गल्लीच ताई म्हणे. एके काळी तिने अंगणातून हाक मारली की सायकलवाला हातातला पाना खाली ठेवी. आता तिचा आवाज कुरकुरणाऱ्या दारासारखा निघत होता.

बाईंनी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, “पुरावा काय?” नाव पडलं ते त्यावरून. हवेतून राख काढणाऱ्या एका बाबाच्या बोटांच्या बेचक्यातली राखेची गोळी त्यांनी भरसभेत काढून दाखवली होती. तो प्रसंग त्या अजूनही, कोणी विचारलं नाही तरी, सांगत. आता बाबाच्या रांगेपेक्षा आपली रांग लांब आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडलंही होतं. फरक एवढाच, असं त्या स्वतःला बजावत, की बाबाकडे राख होती, आपल्याकडे वही आहे.

सुरुवात वाचनातून झाली होती. कॅन्सरमुळे श्वासातली काही द्रव्यं बदलतात आणि शिकवलेले कुत्रे ती हुंगून ओळखू शकतात का, यावर प्रयोगशाळांत काम चालू आहे, असं बाईंनी वाचलं. वाचलं ते खरं होतं. पुढचं सगळं बाईंचं.

ताईची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, मोठ्या दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होती. रुग्णांना विचारून तिने त्यांनी वापरलेले सुती मास्क काचेच्या बरण्यांत घालून आणले. मुलगी स्वच्छतेची पक्की. प्रत्येक बरणी वॉर्डातच लख्ख पुसून आणी. निरोगी माणसांचे मास्क गल्लीतून मिळाले. टिपकी रुग्णाच्या बरणीपुढे बसली की बिस्कीट. दोन महिन्यांत ती शंभरातल्या शहाण्णव वेळा बरोबर बसू लागली, आणि बाईंनी वहीत शहाण्णवभोवती गोल काढला. मग आणखी एक काढला.

मग एका संध्याकाळी टिपकी शिंप्यापुढे बसली. पंधरवड्यात शिंप्याच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. गल्ली हादरली. टिपकीची टिपकीताई झाली आणि रांग लागली.

रंगारी आला तो हाताला ताजं प्लास्टर घालून. टिपकी त्याच्यापुढेही बसली. बिचाऱ्याने सगळ्या तपासण्या केल्या. कुठे काही सापडलं नाही.

“म्हणजे मला नाहीय ना, बाई?”

“इतक्या लवकरचं यंत्राला दिसत नाही,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “नाकाला कळतं.”

हेच वाक्य बाबाने म्हटलं असतं तर बाईंनी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

भाची ड्यूटीवरून आली की टिपकी तिच्यापुढेही बसे. ते लाड, दुसरं काय. बाईंनी वहीत लिहिलं होतं, ‘घरचं माणूस. गणतीत नाही.’

भाचीचं लक्ष मात्र वहीत नव्हतं, आईच्या घशात होतं. “आई, दोन महिने झाले आवाज बसून. घशाच्या डॉक्टरला दाखवू या. मी नंबर लावते.”

“रांगेवर ओरडून बसलाय.”

“रांग लागायच्या आधीपासून बसलाय.”

“तीनदा हुंगलं मला टिपकीने. ढुंकून पाहिलं नाही. तुझा डॉक्टर काय तिच्याहून शहाणा?”

“मावशी, तू तरी सांग हिला.”

बाईंनी वही उघडून दाखवली होती. ताईच्या नावापुढे ‘नाही’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तर त्या रविवारी नऊच्या सुमाराला एक तरुण बाई आठ दिवसांचं बाळ घेऊन स्टुलावर बसली. तिने तीनदा श्वास सोडला. टिपकीचं नाक तिच्या तोंडाकडे गेलंच नाही, ते बाळाच्या दुपट्यावर अडकलं. आणि टिपकी बसली. बाळापुढे.

बाळाची आई रडली नाही, नुसती बाईंकडे बघत राहिली. बाईंनी तोंड उघडलं. ‘इतक्या लवकरचं यंत्राला दिसत नाही’ हे वाक्य जिभेवर येऊन तयार उभं होतं. आठ दिवसांच्या बाळासमोर ते उभं राहिलेलं बघून बाईंना स्वतःचीच शरम वाटली. त्यांनी तोंड मिटलं आणि बऱ्याच दिवसांनी एक प्रश्न विचारला.

“बाळाला घरून आणलंत?”

“नाही हो. आत्ताच सोडलं आम्हाला दवाखान्यातून. घरी जायच्या आधी म्हटलं, एकदा टिपकीताईला दाखवावं.”

बाईंनी वाकून दुपटं हुंगलं. दवाखान्यात फरशी पुसतात त्या औषधाचा वास होता. तेवढ्यात रात्रपाळी संपवून भाची फाटकातून आत आली. टिपकी उठली, तिच्यापुढे गेली आणि बसली.

“बरण्या कशाने पुसायचीस गं तू?” बाईंनी विचारलं.

“वॉर्डातल्या जंतुनाशकाने. ही काय बाटली, पिशवीतच असते. का?”

“आणि गल्लीतल्या बरण्या?”

“त्या कशाला पुसू? त्या तर तूच गोळा करायचीस.”

बाईंनी बाटलीचं बूच काढून हुंगलं, दुपट्याचाच वास. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, “बाळाला काही झालेलं नाही. कुत्री चुकलीय, आणि कुत्रीहून जास्त मी. कोणी जाऊ नका. दहा मिनिटं थांबा.”

त्यांनी दहा स्वच्छ बरण्या आणि कापसाचे दहा बोळे मागवले. सगळ्यांसमोर दहाही बोळ्यांवर स्वतः श्वास सोडला आणि एकेक बोळा एकेका बरणीत टाकला. “बरण्या आत नेऊन पाच जंतुनाशकाने पूस,” त्या भाचीला म्हणाल्या. “कुठल्या, ते कोणाला सांगू नकोस. मग बाहेर हव्या तशा मांड आणि परत आत ये. बाहेर कोणालाच ठाऊक नको, म्हणजे टिपकीला कोणाच्या चेहऱ्यावरून काही वाचता येणार नाही. ताई, तू नुसतं पुकार.”

मावशी-भाची स्वयंपाकघरात गेल्या. बाईंनी दार लावून घेतलं आणि वही घेऊन दाराला पाठ टेकली.

“पहिली… गेली,” बाहेरून ताईचा आवाज आला. “दुसरी… बसली. तिसरी… बसली.”

बाई लिहीत होत्या. चेहरा दिसत नव्हता, हातवारे दिसत नव्हते, ताईचं ते रांगेवर रुबाब करणं दिसत नव्हतं. दारातून फक्त आवाज येत होता. खरवडलेला, मध्येच तुटणारा, प्रत्येक आकड्याला धाप लागणारा. सातव्या बरणीपाशी बाईंचं पेन थांबलं. हा आवाज आपण दोन महिने ऐकत होतो. ऐकत कसले, वहीत बघत होतो.

“दहावी… गेली.” मग खोकला.

पुसलेल्या पाच बरण्यांपुढे टिपकी बसली होती. न पुसलेल्या पाचांपुढून गेली होती. बाहेर येऊन बाईंनी ते सांगितलं, शाळेत सांगत तसं सरळ.

“दहाही बरण्यांत माझाच श्वास होता. म्हणजे टिपकी कॅन्सर हुंगत नाही, दवाखाना हुंगते. तिला ते मीच शिकवलं, बिस्किटं देऊन.”

“मग मला कसं कळलं तिला?” शिंपी मागून म्हणाला. उपचार घेऊन त्याचे केस गेले होते.

“तुम्हीच सांगा. त्या दिवशी कुठून आला होतात?”

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. “तपासणीला गेलो होतो. घरी सांगितलं नव्हतं.”

“ज्याला आधीच संशय आला, जो दवाखान्यात जाऊन आला, त्याच्यापुढे ती बसली. आणि जो कधी गेलाच नाही, ज्याला जायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याला तिने पास केलं.” बाई ताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “तुला पास केलं.”

ताईने टिपकीकडे पाहिलं. “म्हणजे ते ‘नाही’…”

“माझं. दोन रेघांसकट.”

“बाबाने निदान राख तरी दिली असती गं,” ताई म्हणाली. हसताना तिचा आवाज पुन्हा फाटला, आणि या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला. “लाव बाई तो नंबर,” ती मुलीला म्हणाली.

बुधवारी घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर लहानशी गाठ होती. त्याने तुकडा तपासायला घेतला. पुढच्या आठवड्यात निदान आलं. कॅन्सरच होता, पण अजून जागचा हलला नव्हता. किरणोपचाराने बरा होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाला. आणखी सहा महिने कुत्रीवर विसंबला असतात तर हे म्हणालो नसतो, असंही म्हणाला. बाईंनी मान खाली घातली. वर्गात त्यांनी कितीतरी मुलांना तशी घालायला लावली होती.

फाटकावर आता पाटी आहे, बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात: ‘श्वासावरून रोग ओळखण्याचा अभ्यास प्रयोगशाळांत चालू आहे. तो इथे होत नाही. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला असेल, खोकला जात नसेल, कुठे गाठ लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. चमत्कार बाबाचा असो, कुत्रीचा असो की विज्ञानाच्या बाईंचा, आधी विचारा: पुरावा काय? आणि तो तपासला कोणी?’

शेवटची ओळ शिंप्याच्या बायकोने सुचवली.

त्या बुधवारी दवाखान्यातून परतताना ताई फाटकात शिरली तशी टिपकी धावत आली, तिचा पदर हुंगला आणि तिच्यापुढे पहिल्यांदाच ऐटीत बसली.

“घ्या,” ताई म्हणाली, “आता हिला कळलं.” आणि पर्समधून बिस्कीट काढून तिला दिलं.

बाईंनी ते वहीत लिहिलं नाही.