डोळ्याला वाकडं, कानाला सरळ

मित्रांनो, मी एक जुनं कुक्कू घड्याळ आहे, आणि खरं सांगायचं तर वैतागलेलं आहे. वय झालं म्हणून नव्हे. लाकडाला वयाचं काय! मी वैतागलो आहे तो मला सरळ करायला येणाऱ्या हातांना. पण आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे माझा राग तुम्हाला नीट कळेल.

माझं छप्पर उतरतं, कपाळावर कोरलेली पानं, पोटात पितळी चाकं. खाली दोन साखळ्या आणि त्यांना दोन लोखंडी वजनं. एक वजन काटे चालवतं, दुसरं पाखराला बोलावतं. पाखरू म्हणजे करंगळीएवढं, लाकडाचं. तास भरला की छपराखालचं दार उघडतं, दोन इवले भाते फुगतात, आणि ते 'कुक्कू' म्हणतं. एवढा एकच शब्द त्याला येतो. भांडायचं झालं तरी तोच, रडायचं झालं तरी तोच. पुढची गोष्ट ऐकताना हे ध्यानात ठेवा.

ज्या सुताराने मला कोरलं, तो पानं कोरताना गुणगुणायचा. पहिल्या घरात मी जिन्याच्या वळणावर होतो. तिथली मुलं बारा वाजायच्या आधीच पायऱ्यांवर येऊन बसायची आणि पाखराबरोबर बारा वेळा ओरडायची. किती कौतुक! मग मुलं मोठी झाली, दूर गेली. घर विकलं गेलं, आणि कुणीतरी पाखराच्या दाराला तार गुंडाळून मला खोक्यात घातलं. किती वर्षं गेली ते विचारू नका. खोक्यातल्या घड्याळाला वेळ कळत नाही.

खोक्यातून मला एका घड्याळजींनी बाहेर काढलं. त्यांचं दुकान म्हणजे हातभर रुंद बोळ, आणि भिंतभर टिकटिक. त्यांनी माझे भाते नव्या कागदाने मढवले, चाकांना तेल दिलं. पण लंबकाला ढकलणारी आतली तार खोक्यात दबून जराशी वाकली होती. घड्याळजींनी तिला बोटाने चाचपलं आणि सोडून दिलं. "हिला सरळ करायला गेलो तर मोडेल. राहू दे बाबा. तू एका अंगाला कलून चाल."

मी कलून चाललो. टिक, टॉक. दोन्ही पावलं सारखी. मला काही लाज वाटली नाही.

त्या दुकानात एके सकाळी तिघं आली. पुढे लेक, मागे तिचा हात धरून आई, आणि सगळ्यांत मागे हात पाठीशी बांधलेले वडील. वडील गवंडी. आता काम सोडलेलं, पण पेन्सिल अजून कानावर. त्यांनी बांधलेली भिंत म्हणे दोरीला टांगलेला ओळंबा लावून तपासायची गरज नसे, उलट ओळंबाच त्यांच्या भिंतीवरून तपासून घ्यावा. म्हणून सगळी वस्ती त्यांना ओळंबेमामा म्हणायची. त्यांच्या पत्नी म्हणून त्या मामी.

मामींची नजर दोन वर्षांत विझत गेली होती. उजेड आहे की नाही, एवढंच कळायचं.

"बोलणारं घड्याळ घे ना, आई," लेक म्हणाली. "प्लास्टिकचं मिळतं. बटण दाबलं की वेळ सांगतं."

"बटण दाबायचं म्हणजे पुन्हा विचारणंच झालं की," मामी म्हणाल्या. "मला न विचारता सांगणारं हवंय. दिवसातून चाळीस वेळा विचारते मी, किती वाजले. बाबा सांगतात हो. पण चाळिसाव्या वेळी त्यांच्या आवाजात कुसळ असतं."

मामांनी छताकडे पाहिलं.

घड्याळजींनी एकेक पाखरू बोलवून दाखवलं. मामी प्रत्येकापाशी मान तिरकी करून उभ्या राहिल्या. माझ्यापाशी जास्त वेळ थांबल्या. पाखराच्या पंखावरून बोट फिरवलं. "हा घाई करत नाही," म्हणाल्या. "हाच."

"फक्त एक," घड्याळजी म्हणाले, "हे कानाने टांगायचं. टिक आणि टॉक सारखी आली की बरोबर. दिसायला थोडं कलतं दिसेल. आठ दिवस बघा, नाही जमलं तर परत आणा."

दाराबाहेर पडता पडता मामा पुटपुटले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

ते अंगणच मला वाकडं हवं होतं, मित्रांनो! पण सांगणार कसं? कुक्कू?

पहिल्या दिवशी मामांनी मला बैठकीत नुसत्या अंदाजाने टांगलं, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर.

"कुणाच्या डोळ्यांसमोर लावताय, अहो?" मामींनी विचारलं. "माझ्या?"

मामा ओशाळले, पण खिळा तोच राहिला. खाली चपलांचं कपाट होतं. दुपारपर्यंत माझी दोन्ही वजनं त्यावर जाऊन बसली, पाहुण्यासारखी, आणि मी बंद पडलो. मग दुसरा खिळा, वर. या वेळी मामांनी पेटीतून पाणसळ काढली. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जग सरळ, असा त्यांचा हिशेब. ती माझ्या छपराखाली धरून त्यांनी बुडबुडा मधोमध आणला आणि चार पावलं मागे सरकून म्हणाले, "वा! रेघ आहे रेघ."

रेघ होतो मी. चालत मात्र नव्हतो. टिकटॉक… टिकटॉक… टिक. सात मिनिटं लंगडलो आणि थांबलो. मामांनी लंबकाला धक्का दिला. पुन्हा सात मिनिटं.

मामी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. भांडी पुसता पुसता त्यांच्या तोंडून आपसूक ओळी निघाल्या:

टिक चाले भराभरा, टॉकला लागे धाप,
सरळ्याच्या हाती आलं वाकड्याचं माप.

"काय म्हणालीस?" मामांनी विचारलं.

"काही नाही. किती वाजले?"

"पावणे अकरा," मामा म्हणाले. कुसळासकट.

तिसऱ्या दिवशी मामा भाजी आणायला गेले, तेव्हा मामींनी स्टूल ओढलं. एक पाय वर, मग दुसरा. पडल्या म्हणजे? पण हात भिंत ओळखत होता. त्यांनी लंबक हलवला, कान जवळ आणला, आणि माझी खालची कड केसभर डावीकडे सरकवली. अजून केसभर. टिक, टॉक, टिक, टॉक. दुखरा दात निघाल्यावर जसं वाटतं, तसं मला वाटलं. रेडिओवर अकराच्या बातम्या लागल्या तसे त्यांनी बोटांनी चाचपून काटे जुळवले. बारा वाजता पाखरू बाहेर आलं आणि बारा वेळा ओरडलं. मामी जमिनीवर बसून मोजत होत्या, ओठ हलत होते. मला जिन्यावरची मुलं आठवली.

तेवढ्यात मामा आले. पिशवी हातात तशीच. "हे कुणी वाकडं केलं?"

"चालतंय, अहो. ऐका तरी."

"चालतंय कसलं! लोक काय म्हणतील, ओळंबेमामाच्या घरात घड्याळ तिरकं?" आणि पाणसळ निघाली. बुडबुडा मध्ये. मी बंद.

पाचव्या दिवसापर्यंत हेच, मित्रांनो. त्या कलवायच्या, हे सरळ करायचे. त्या सांगायच्या, "तुम्ही येईपर्यंत चालत होतं." हे म्हणायचे, "वाकडी वस्तू चालत नसते, जरा वेळ ओढते इतकंच." चाळीस वर्षं ज्या हातांनी भिंती उभ्या केल्या, त्यांना कोण शिकवणार! आणि मी? मला एकच शब्द येतो. तोही तास भरला तरच. तास भरायच्या आत ते मला मारून टाकायचे. इतका संताप खोक्यातही आला नव्हता. खोक्यात निदान कुणी माझं भलं करत नव्हतं.

सहाव्या दिवशी मामींनी स्टूल ओढलं नाही. सातव्या दिवशीही नाही. नुसतं विचारलं, किती वाजले. मग तेही विचारणं कमी केलं. अंदाजानेच उठू लागल्या, अंदाजानेच बसू लागल्या. एकदा तर भर दुपारी संध्याकाळ समजून अंथरूण घालायला निघाल्या. मामांनी ते पाहिलं.

आठव्या दिवशी लेक खोकं घेऊन आली. "द्या परत. येताना प्लास्टिकचं आणते."

मामा हात वर करून मला काढायला उभे राहिले. तेव्हा मामी म्हणाल्या, "अहो, एकदा डोळे मिटा."

"कशाला?"

"मी दोन वर्षं मिटलेत. तुम्ही दोन मिनिटं मिटा."

मामांनी डोळे मिटले. मामींनी लंबक हलवला. टिकटॉक… टिकटॉक…

"काय ऐकू येतंय?"

"लंगडतंय," मामा कान पुढे करून म्हणाले. "माझ्या गुडघ्यासारखं."

"मग त्याला नीट चालवा. मी सांगणार नाही. तुमचं तुम्हाला ऐकू येईल."

त्यांची खरबरीत बोटं माझ्या कडेला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या हातांना घाई नव्हती. केसभर इकडे. जास्त झालं, परत. केसभर तिकडे. मग एका जागी बोटं थबकली. टिक, टॉक, टिक, टॉक.

"इथे," मामा म्हणाले. "इथे सरळ आहे."

आणि त्यांनी डोळे उघडले.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "चांगलंच वाकडं दिसतंय हो."

मामांचा हात पाणसळीकडे गेला. माझा श्वास अडकला. म्हणजे भात्यातला जो काही असतो तो. पण हात मध्येच वळला आणि कानावर गेला. त्यांनी पेन्सिल काढली, आणि माझ्या कलत्या कडेला धरून, स्वतः गिलावा केलेल्या त्या भिंतीवर, एक रेघ ओढली. वाकडी. आयुष्यातली पहिली.

"धक्का लागून हललं, तर या रेघेला लावायचं," ते लेकीला म्हणाले. "आणि ते खोकं घेऊन जा. अडगळ नको घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरू सात वेळा ओरडलं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सात वाजले, उठा." पुढे हे रोजचंच झालं. आता तर मामाच दिवसातून दहादा हाक मारतात, "किती वाजले गं?" त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे, मला वरून स्पष्ट दिसतं. पण ते विचारतात. आणि त्या न चुकता सांगतात, कुसळ नसलेल्या आवाजात.

मग मी अजून का चिडलेला आहे? अहो, पाहुणे! जो येतो तो पाणी प्यायच्या आधी माझ्याकडे बोट करतो, "घड्याळ वाकडं झालंय, थांबा हं," आणि उठतो. मामा धावून येतात म्हणून बरं. परवा शेजारच्या काकांनी गाठलंच मला. पाऊण तास मी बंद होतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. जुन्या वस्तूंची धूळ पुसा, तेल घाला, साखळी रोज ओढा. आणि कुणी कलून चालताना दिसलं, तर त्याला सरळ करायला हात उचलण्याआधी क्षणभर डोळे मिटा आणि ऐका. टिक आणि टॉक सारखी येत असतील, तर कृपा करून खाली बसा. पाणी प्या.