डाव्या बाजूची माणसं

लोकांना झालंय तरी काय, हेच मला कळेना. मी शाळेची व्हॅन चालवतो. इतकी वर्षं चालवतोय, की माझ्या पहिल्या पोरांची पोरं आता माझ्याच गाडीत बसतात. तापट आहे, मान्य. पण गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. आणि आता बघावं तर जो तो अंगावर येत होता. सायकलवाले जमिनीतून उगवल्यासारखे गाडीपुढे टपकायचे. मी कचकन ब्रेक दाबायचो, काच खाली करायचो आणि ओरडायचो, "आंधळा आहेस का रे?"

गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला. कुणी फोडला? दुसरं कोण, कोपऱ्यावरचा सलूनवाला! त्याच्या दुकानासमोर मी गाडी लावतो, ते त्याच्या डोळ्यांत खुपतं. त्याचं ते बाहेर ठेवलेलं स्टूलसुद्धा येता-जाता माझ्याच नडगीत घुसायचं. मुद्दाम ठेवतो मेला, माझी खात्री होती.

घरीही तीच तऱ्हा. आमची ही दार अर्धवट उघडं ठेवायची आणि मी खांदा आपटून घ्यायचो. ताटात काकडी वाढणंही तिने बंद केलं होतं. तिच्या भावाकडे मी गेलो नाही, त्याचा राग काकडीवर! ठीक आहे म्हटलं, मागून खाणाऱ्यातला मी नाही.

त्या दिवशी सकाळी सलूनच्या कोपऱ्यावर चिमणी गाडीत चढली. ही माझ्या गाडीतली सगळ्यात लहान पोर, जिची रोज एक तरी वस्तू सांडते. दार वाजलं की गाडी काढायची, हा माझा नेम. दार वाजलं, मी गाडी काढली, आणि सलूनवाला धावत येऊन बॉनेटवर हात आपटायला लागला. मी बाह्या सावरतच उतरलो. म्हटलं, आज याला दाखवतोच.

त्याच्या हाताला साबणाचा फेस तसाच होता आणि त्या हातात चिमणीचं दप्तर, दप्तराला लटकलेली चिमणी.

"व्हॅनकाका, माझी बाटली पडली होती, म्हणून मी परत उतरले," ती म्हणाली.

"वाकली असेल ती चाकापाशी. कशी दिसणार?" मी म्हणालो.

"वाकली?" सलूनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काका, ही तुमच्या काचेसमोर उभी होती. तुमच्याकडे बघून हात हलवत होती."

राईचा पर्वत करतोय, गाडी हलवायला निमित्त शोधतोय, असं मी मनाशी म्हटलं. त्यालाही सुनावलं, जा, गिऱ्हाईक बघ तुझं. पण शाळेपर्यंत मी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

दुपारी जेवून उठायला लागलो, तशी ही भडकली. "रोज काकडी टाकायची असेल तर तसं सांगा ना! कशाला मेलं चिरत बसायचं मी?"

"कुठली काकडी?"

"ही काय, ढीगभर!"

मी ताटात पाहिलं. भात होता, आमटीचे डाग होते. काकडी नव्हती. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. तिने हसत हसत ताटाची कड धरली आणि ताट गोल फिरवलं. आणि काकडी आली. पातळ चकत्या, मीठ लावलेल्या, नीट ओळीत मांडलेल्या. मी ताट परत फिरवलं. काकडी गेली. पुन्हा फिरवलं. आली. ही हसायची थांबली.

"अहो," ती म्हणाली, "मी कुठे उभी आहे?"

आवाज आला. ती दिसली नाही.

एकेक गोष्ट आपोआप आठवायला लागली. सायकलवाले सगळे डावीकडूनच उगवले होते. दार डावीकडचं. स्टूल तर सलून उघडलं तेव्हापासून तिथेच होतं. आरसा मीच खांबाला घासला असणार, दोन्ही वेळा. म्हणजे कुणीच माझ्यावर डूख धरून नव्हतं. देवा, सगळे माझे वैरी असते तर किती बरं झालं असतं! वैऱ्याशी भांडता तरी येतं.

"डॉक्टरकडे चला. आत्ताच्या आत्ता," ही म्हणाली.

"शाळा सुटेल. पोरं फाटकाशी उभी राहतील."

"दुसऱ्या कुणाला सांगा."

"एकच फेरी. मान वळवून वळवून बघेन ना!"

खरं सांगायचं तर मला पोरांपेक्षा स्वतःची काळजी वाटत होती. व्हॅनवाल्याची व्हॅन गेली की मागे काय उरतं? मी किल्ली घेऊन खाली आलो.

गाडीत बसलो. मान वळवली, सलून दिसलं, स्टूल दिसलं. मान सरळ केली आणि दोन्ही गेली. तिथे अंधार नव्हता, धुकं नव्हतं. रस्ता मला अख्खाच दिसत होता, कुठे काही कमी आहे असं वाटतच नव्हतं. काळं काही दिसलं असतं, तर निदान जपून राहिलो असतो.

इंजिन सुरू केलं. डावं दार खडखडलं. ते नेहमीच खडखडतं. समोर रस्ता मोकळा. सकाळीही असाच मोकळा होता, आणि चिमणी हात हलवत होती. आत्ता तिथे कोण उभं असेल? ब्रेकवरचा पाय उचलेना. घामाने शर्ट पाठीला चिकटला. उजवा इंडिकेटर बघून मागे थांबलेल्यांचे हॉर्न वाजायला लागले. एक स्कूटर डावीकडून घासून गेली आणि आवाज आला, "आंधळा आहेस का रे?"

"हो रे बाबा," मी म्हणालो.

मी इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन लावला. "माझी पोरं आज तू आण. निघण्याआधी उतरून गाडीभोवती एक चक्कर मार. एक चिमणी आहे, तिची बाटली पडते."

"का हो काका? काय झालं?"

"मला दिसत नाही," मी म्हणालो आणि मला हुंदका फुटला.

"रडू नका," शेजारून कुणीतरी म्हणालं. मी दचकून केवढ्याने तरी ओरडलो.

"अहो, मीच आहे. मघाशीच येऊन बसले."

मी मान पूर्ण वळवली, तेव्हा ती दिसली. डोळे समोर रस्त्यावर, एका हाताने तोंडाला धरलेला पदर, आणि दुसरा हात हँडब्रेकवर, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेला.